'भूमिका' : प्रेमाची चौकशी झाली, कामाची राहून गेली

श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' १९७७ साली आला. जवळपास पन्नास वर्षं त्याच्यावर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहिलं जातं आहे. या लेखनाचा मोठा भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो. त्याची नायिका उषा हिच्या आयुष्यात आलेल्या चार पुरुषांनी तिला काय दिलं, काय हिरावून घेतलं, आणि शेवटी ती मोकळी झाली की एकटी पडली? प्रश्न खरा आहे, आणि त्याची उत्तरंही अनेकांनी जीव ओतून दिली आहेत. पण उषा नटी आहे. लहानपणापासून ती स्टुडिओत काम करते, त्या कामावर घर चालवते आणि त्या कामातच तिची पुरुषांशी गाठ पडते. चित्रपटावरचा हा चित्रपट समीक्षकांनी प्रेमाच्या बाजूने पुरता उलगडला. कामाच्या बाजूने तो अजून नीट वाचला गेलेला नाही, असं मला वाटतं. हा आढावा त्या अंगाने घेतो आहे.

आमच्या खानदेशात या चित्रपटाचं स्वागत वेगळ्याच नात्यातून झालं. स्मिता पाटील पुण्यात जन्मली, तिथेच वाढली, पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे. त्यामुळे धुळ्यापासून जळगावातल्या आमच्या मेहरूणपर्यंत तिच्याबद्दल बोलताना 'आपली लेक' हे शब्द आधी येतात. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली, तेव्हाचं दुःख इथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही ताजं असतं. या मायेची मला किंमत आहे. तरी या मायेनेच 'भूमिका' थोडी झाकली गेली. आपल्याकडे स्मिता आठवते, तिचे डोळे आठवतात, पण उषा दळवी ही बाई कोण होती यावर क्वचितच बोलणं होतं. आणि उषाच्या मागे उभी असलेली हंसा वाडकर तर त्याहून दूर राहते.

तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी. रतन साळगावकर ही मुलगी १९२३ साली मुंबईत जन्मली आणि १९३६च्या 'विजयाची लग्ने'मधून पडद्यावर आली, हंसा वाडकर या नावाने. वय तेरा. पुढे बॉम्बे टॉकीजचे 'नवजीवन' आणि 'दुर्गा', प्रभातचा 'संत सखू' (१९४१), राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), आणि १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. हा शेवटचा चित्रपट पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. त्याचंच नाव तिने आपल्या आत्मकथनाला दिलं. ते तिने सांगितलं, पत्रकार अरुण साधू यांनी शब्दांत उतरवलं, 'माणूस' साप्ताहिकातून ते वाचकांसमोर आलं आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने पुस्तकरूपात काढलं. पुढच्याच वर्षी ती गेली. चित्रपट ती पाहू शकली नाही.

पुस्तकाने खळबळ माजवली ती मोकळेपणामुळे. दारू, नवऱ्याशी भांडणं, घर सोडून परपुरुषाबरोबर मराठवाड्यातल्या खेड्यात काढलेली वर्षं, तिथे आपल्यावर आलेली बंधनं, सगळं ती सांगते, आणि स्वतःची बाजू सावरण्याची धडपड कुठेच करत नाही. त्या काळी नटीचं आत्मचरित्र म्हणजे मोठ्या माणसांच्या आठवणींची माळ, अशी वाचकांची अपेक्षा असे. पुढे आलेली लीला चिटणीसांची 'चंदेरी दुनियेत' किंवा 'मी, दुर्गा खोटे' ही पुस्तकं आपापल्या जागी मोलाची आहेत, पण त्यांतली मी जपून बोलते. हंसाबाईंची मी जपत नाही. म्हणून 'सांगत्ये ऐका'चं पहिलं स्वागत 'केवढं धीट पुस्तक' या एका वाक्यात अडकून राहिलं. धीटपणाची तारीफ करता करता त्यातला कामाचा तपशील वाचकांच्या नजरेआड गेला. कोणत्या कंपनीत कसं वागवत, पैसे कुणाच्या हातात जात, घरी काय शिल्लक राहत असे, हे सारं त्या पानांत आहे.

बेनेगलांनी हे पुस्तक हाती घेतलं तेव्हा त्यांच्यामागे 'अंकुर', 'निशांत' आणि 'मंथन' होते, तिन्ही खेड्याशी आणि सत्तेशी झगडणारे. 'भूमिका'त ते पहिल्यांदा चित्रपटाच्या कारखान्यात शिरले. पटकथा गिरीश कार्नाड, सत्यदेव दुबे आणि बेनेगल यांची, संवाद दुब्यांचे, छायाचित्रण गोविंद निहलानींचं, संगीत वनराज भाटिया यांचं. हंसाची उषा झाली, पडद्यावरची उर्वशी. नवरा केशव दळवी झाला अमोल पालेकर, सहनट राजन अनंत नाग, दिग्दर्शक सुनील वर्मा नसीरुद्दीन शाह, जमीनदार विनायक काळे अमरीश पुरी, आई सुलभा देशपांडे. वर्तमान रंगीत ठेवून भूतकाळ कृष्णधवल आणि तपकिरी छटांमध्ये घेतला, त्यामुळे आयुष्य मागे मागे जातं तसा पडदाही जुना होत जातो. पौराणिक चित्रपटापासून नाचगाण्यांच्या चित्रपटापर्यंत त्या काळचे प्रकार बेनेगलांनी नव्याने चित्रित केले. त्यांची थट्टा केली नाही. ती कशी केली गेली असती, हे आठवून पाहिलं तर या संयमाची किंमत कळते.

पहिलं स्वागत आदराचं होतं. पंचविसाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत स्मिता पाटीलला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला, पटकथेलाही मिळाला. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आला, शिकागोच्या महोत्सवात गौरव झाला. लंडनच्या 'गार्डियन'मध्ये डेरेक माल्कम यांनी लिहिलं त्याचा सारांश असा, की बेनेगलांनी त्या विलक्षण दिवसांचं भव्य दृश्यरूप पुन्हा उभं केलं, आणि सुरक्षितता व स्वातंत्र्य दोन्ही सारख्याच तीव्रतेने हवं असलेल्या गुणी बाईची घुसमट जाणली. पुढच्या पन्नास वर्षांच्या समीक्षेचा आराखडाच या मतात आहे. एकीकडे जुन्या दिवसांची देखणी पुनर्निर्मिती, दुसरीकडे बाईची घुसमट. दोन्ही खरं. मात्र या दोहोंचा सांधा जिथे आहे, म्हणजे ते देखणे दिवस या बाईच्या कामावर उभे होते, तिथे समीक्षा थांबली नाही.

अभिनयावर सर्वांत जास्त लिहिलं गेलं, आणि ते रास्तच होतं. चित्रीकरणाच्या वेळी स्मिता जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची. त्याच वर्षी तिचा 'जैत रे जैत'ही आला. कोवळ्या मुलीपासून वयात आलेल्या लेकीच्या आईपर्यंतचा पल्ला तिने चेहऱ्याला फारसा रंग न फासता गाठला. मैथिली राव यांनी तिच्यावर लिहिलेल्या २०१५च्या चरित्रग्रंथात आणि संगीता दत्ता यांच्या बेनेगलांवरील २००२च्या पुस्तकात 'भूमिका'ला मानाची जागा आहे. मला मात्र तिच्या अभिनयातली एक गोष्ट पुरेशी नोंदली गेली नाही असं वाटतं. उषा उर्वशी म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहते तेव्हा स्मिता वेगळ्याच पद्धतीने श्वास घेते, खांदे वेगळे ठेवते. 'कट' म्हटल्यावर ते खांदे खाली येतात. म्हणजे तिने एका बाईचा अभिनय केला आणि त्या बाईच्या अभिनयाचाही अभिनय केला, आणि दोघींमधली शिवण ती दिसू देते. घरी नवऱ्यासमोर हीच शिवण पुन्हा दिसते. घरातही ती कामावरच आहे, हे कळायला संवाद लागत नाही.

अमोल पालेकरांच्या केशवबद्दलही पुष्कळ बोललं गेलं. 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'चितचोर' यांतला साधा, लाजरा तरुण इथे बायकोच्या कमाईवर जगणारा नवरा झाला, याचं आश्चर्य प्रेक्षकांना होतं. ते आश्चर्य ओसरल्यावर भूमिकेची खरी ताकद दिसते. केशव क्रूर नाही. तो हिशोबी आहे. लहानग्या उषाला मुंबईच्या स्टुडिओत त्यानेच नेलं. लग्न झाल्यावर तिला घरात राहावंसं वाटतं तेव्हा तोच तिला कामाकडे ढकलतो. राजनवरून संशय घेतो, पण तिने राजनबरोबर काम करणं त्याला हवंही असतं. तिच्या गरोदरपणाचा निवाडाही तोच करतो. समीक्षेने याला संशयी नवरा म्हटलं. मी त्याला मुकादम म्हणेन. नवरा आणि मुकादम एकाच माणसात राहत असतील तर प्रेम कुठे संपतं आणि करार कुठे सुरू होतो, हे बायकोला ठरवता येत नाही, आणि चित्रपटाचा गाभा हाच आहे.

स्त्रीवादी वाचनातून आलेला मुख्य आक्षेप वेगळा होता आणि वजनदार होता. उषा एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते, प्रत्येक ठिकाणी निराश होते, आणि शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी बसते. म्हणजे बाईने उंबरठा ओलांडला की तिला हीच शिक्षा, असं चित्रपट नकळत सांगतो का? काहींनी हे उलट वाचलं. शेवटी राजनचा फोन येतो आणि ती बोलत नाही, यातच तिचा नकार आहे, पुन्हा कुणाच्या आधाराने उभं न राहण्याचा. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण पहिला आक्षेप मला झटकता येत नाही. कारण काय निवडलं आणि काय गाळलं, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. काळ्याच्या वाड्यावरून सुटका होताना पडद्यावर पोलीस येतात, केशव येतो, उषा निघते. पुस्तकात या परतीच्या वाटेवर तिच्यावर झालेल्या अत्याचाराची हकिकत आहे, आणि तो करणारा माणूस कायद्याच्या खुर्चीत बसलेला आहे. चित्रपटाने ती वगळली. कदाचित वजन पेलवलं नसतं, कदाचित सेन्सॉरचा विचार असेल. कारण काहीही असो, ती हकिकत गेल्यामुळे दोष चार पुरुषांच्या स्वभावापुरता उरला आणि व्यवस्था पडद्याबाहेर राहिली.

स्पेनचे दिग्दर्शक पेद्रो अल्मोदोवार यांचा 'लॉस आब्राथोस रोतोस' (तुटलेल्या मिठ्या) हा चित्रपट २००९च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता, तो इथे आठवतो. तोही प्रेम आणि चित्रपटनिर्मिती यांचाच मेलोड्रामा. दिग्दर्शक मातेओ आपल्या नायिकेच्या, लेनाच्या प्रेमात पडतो. लेना ज्याच्याबरोबर राहते तो धनाढ्य मार्तेल त्या चित्रपटाला पैसा पुरवतो. दोघं पळून जातात तेव्हा मार्तेल सूड घेतो तो संकलनाच्या टेबलावर. तो प्रत्येक दृश्याचा सर्वांत वाईट टेक निवडून चित्रपट प्रदर्शित करतो. लांझारोते बेटावरच्या अपघातात लेना जाते, मातेओची दृष्टी जाते. बऱ्याच वर्षांनी तो आंधळा दिग्दर्शक जपून ठेवलेल्या फिती मिळवून चित्रपट पुन्हा जुळवायला घेतो.

या चित्रपटाचं स्वागत दुभंगलेलं होतं. पेनेलोपे क्रूझची वाहवा झाली, चित्रपटाला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं, पण कानमध्ये हाती काही लागलं नाही. मायदेशी 'एल पाईस' या मोठ्या दैनिकाचे समीक्षक कार्लोस बोयेरो यांनी तो कठोरपणे नाकारला, आणि अल्मोदोवार यांनी त्या दैनिकाच्या वृत्तांकनाला जाहीर उत्तर दिलं. अनेकांची तक्रार एकच होती: जुन्या चित्रपटांचे संदर्भ फार, ऊब कमी. प्रेमकथा म्हणून मोजला तर ही तक्रार टिकते. पण मार्तेलचा सूड हे त्या चित्रपटातलं सर्वांत खोल प्रेमदृश्य आहे असं मी मानतो, कारण लेनाला तिच्या कामातून मोडलं की ती पुरती मोडेल, हे त्याने ओळखलं. तिथेही समीक्षेने मिठ्या मोजल्या आणि संकलनाचं टेबल मागे ठेवलं.

'भूमिका'कडे परत येऊ. काळ्याच्या वाड्यावर उषाला सन्मान मिळतो. नवऱ्याकडे न मिळालेली प्रतिष्ठा, भरलेलं घर, सासूची माया, लळा लागलेलं मूल. आणि मग मुलाला जत्रेला न्यायचं म्हटल्यावर तिला कळतं की या घरातली बाई फाटकाबाहेर जात नाही. अंथरुणाला खिळलेली काळ्याची पहिली बायको तिला जे सांगते, की ठिकाणं बदलली तरी पुरुष बदलत नाहीत, ते चित्रपटाचं सर्वाधिक उद्धृत होणारं वाक्य ठरलं. समीक्षेने या भागाला सोन्याचा पिंजरा म्हणून वाचलं. त्यात आणखी एक गोष्ट आहे. या वाड्यावर उषा पहिल्यांदाच बिनकामाची आहे. कॅमेरा नाही, गाणं नाही, आजीने शिकवलेला रियाज नाही. स्टुडिओतलं काम तिला पिळून काढत होतं, तरी बाहेरच्या जगात तिचं पाऊल त्याच कामामुळे होतं. म्हणूनच सुटकेसाठी ती ज्याला बोलावते तो केशव असतो. प्रेमाच्या हिशोबाने हे कोडं वाटतं. केशवकडे परतणं म्हणजे कामाकडे परतणं, असं धरलं तर ते कोडं राहत नाही.

असं वाचायची साधनं मराठीतच होती. प्रभातची गाजलेली नायिका शांता आपटे हिने १९३९ साली करारावरून कंपनीच्या फाटकाशी उपोषण केलं. पुढच्या वर्षी तिने 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. पडद्यावर यायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलींना तिने त्यात पैसा, थकवा आणि कंपन्यांचे व्यवहार यांची स्पष्ट कल्पना दिली. म्हणजे 'सांगत्ये ऐका'च्या तीस वर्षं आधी एका मराठी नटीने चित्रपटाच्या धंद्याची मीमांसा करून ठेवली होती. तिचा उल्लेख आपण किस्सा म्हणून करत आलो, विचार म्हणून क्वचित. अलीकडे देबश्री मुखर्जी यांनी या पुस्तकावर आणि नटीच्या थकव्यावर गंभीर लेखन केलं. त्यांचं २०२०चं 'बॉम्बे हसल' त्या काळच्या मुंबईतला चित्रपट हा मुळात श्रमाचा, शरीर झिजवणारा उद्योग म्हणून पाहतं. या वाटेने आलेल्या वाचकाला 'भूमिका'तला प्रत्येक नाच वेगळा दिसतो. दिवे, घाम, पुन्हा पुन्हा घेतलेला टेक, आणि मोटारीत बसल्यावर डोळे मिटणारी बाई.

याच संदर्भात १९५९ हे वर्ष मला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी गुरुदत्तचा 'कागज के फूल' आला, भारतातला पहिला सिनेमास्कोप, आणि तोही दिग्दर्शक आणि नायिकेच्या प्रेमाचा. तेव्हा तो पडला. पुढे समीक्षेने त्याला डोक्यावर घेतलं आणि एकाकी दिग्दर्शकाची प्रतिमा अजरामर केली. त्याच वर्षीचा 'सांगत्ये ऐका' शंभराहून अधिक आठवडे गर्दी खेचत होता, आणि त्याची नायिका त्या काळात कशी जगत होती ते तिनेच पुढे सांगितलं. चित्रपट करणाऱ्या पुरुषाचं एकाकीपण आपल्या समीक्षेने कलेचा प्रश्न मानलं. चित्रपट करणाऱ्या बाईचं एकाकीपण तिच्या खासगी आयुष्याचा प्रश्न झालं. 'भूमिका'च्या अर्ध्याअधिक परीक्षणांची अडचण इथे आहे.

आता पुन्हा खानदेश. 'सांगत्ये ऐका'चा इंग्रजी अनुवाद जस्बीर जैन आणि शोभा शिंदे यांनी केला, 'यू आस्क, आय टेल' या नावाने, आणि तो झुबान या प्रकाशनाने काढला. शोभा शिंदे जळगावच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक. त्याआधी सुझी थारू आणि के. ललिता यांच्या 'विमेन रायटिंग इन इंडिया'च्या १९९३च्या दुसऱ्या खंडात या आत्मकथनाचा उतारा आला होता. पण संपूर्ण पुस्तक मराठीबाहेर नेण्याच्या कामात आमच्या गावच्या विद्यापीठातल्या बाईंचा हात आहे, हे जळगावात किती जणांना ठाऊक असेल, याची मला शंका आहे. सांगणारी बाई, लिहून घेणारे साधू, पटकथा करणारे तीन पुरुष, आणि चार दशकांनी अनुवाद करणाऱ्या दोन बायका. हंसाबाईंचा आवाज इतक्या हातांतून गेला आहे. अनुवादामुळे 'भूमिका'च्या परदेशी अभ्यासकांना पहिल्यांदाच चित्रपट मूळ कथनाशेजारी ठेवून पाहता आला, आणि गाळलेल्या जागा दिसू लागल्या.

बाईने सांगावं आणि दुसऱ्याने लिहून घ्यावं, ही वाट खानदेशाला नवी नाही. ज्यांचं नाव आज त्या विद्यापीठाला आहे, त्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या पश्चात १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती छापली गेली. बहिणाबाईंना वाचताना आपण शेत, जातं, विहीर, चूल, म्हणजे त्यांचं काम आधी पाहतो. त्या कामातून त्यांचं शहाणपण आलं, हे आपल्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही. नटीच्या बाबतीत मात्र आपण काम सोडून थेट तिच्या खोलीत डोकावतो. हा फरक का, याचं उत्तर समीक्षेने द्यायला हवं, कारण तमाशा आणि सिनेमा यांना घरंदाज काम न मानण्याची जुनी सवय त्यात बोलते आहे.

मालेगावच्या हौशी चित्रपटकारांवरचा फैज़ा अहमद खान यांचा माहितीपट आणि त्यांच्यावरच रीमा कागती यांनी केलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' यांच्या स्वागतात मात्र काम आधी आलं. मोडका कॅमेरा, उसने कपडे, सायकलवरून घेतलेला फिरता शॉट, सगळ्यांनी कौतुकाने लिहिलं. ते पुरुषांचं काम होतं म्हणून सहज दिसलं, असं म्हणायचा मोह होतो. पण काळही बदलला आहे. चित्रपट कसा बनतो याचं कुतूहल आज प्रेक्षकाला १९७७पेक्षा कितीतरी जास्त आहे.

डिसेंबर २०२४मध्ये बेनेगल गेले. तेव्हा लिहिल्या गेलेल्या श्रद्धांजलींत 'भूमिका'चं नाव जागोजाग होतं, बहुतेक ठिकाणी 'एका स्त्रीचा स्वतःचा शोध' या जुन्या ओळखीसह. नव्या अभ्यासकाने पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवून आता एक साधं काम करावं: पडद्यावर उषा किती वेळ कामावर आहे, तिच्या कमाईचा विषय कोण काढतो, करारावर सही कोण करतो, आणि ती स्वतः 'नाही' केव्हा म्हणते, याची नोंद. सुनील वर्माबरोबर मरायला निघालेली उषा, काळ्याच्या फाटकाशी अडलेली उषा आणि फोन हातात घेऊन गप्प बसलेली उषा या तिघींना जोडणारा धागा त्या नोंदीत सापडेल, असा माझा विश्वास आहे.